सुपारी घेतो, वास भाताचा घेतो

देशातल्या सुपारीबाजांची चक्क क्रमवारी लागलेली आहे आणि आपला नायक तिच्यात तिसऱ्या नंबरवर आहे. काळा गॉगल, झकास सूट, नेम पक्का. खोड एकच. ताज्या भाताची वाफ नाकात गेल्याशिवाय स्वारीला चैन पडत नाही. बायकोला भात टाकायला सांगायचं, भांड्यावर तोंड धरायचं आणि डोळे मिटून हुंगत बसायचं.

हा 'ब्रँडेड टू किल'. जपानच्या निक्कात्सु स्टुडिओचा 1967 सालचा, दीड तासाचा कृष्णधवल गुंडपट. दिग्दर्शक सैजुन सुझुकी. बजेट सुमारे 2 कोटी येन, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानेही हात आखडताच. भातच का, या प्रश्नाला सुझुकींचं उत्तर सरळ होतं: खुनी अस्सल जपानी वाटायला हवा होता, इटालियन असता तर मॅकरोनी हुंगायला लावली असती. आंबेमोहोर शिजायला लागला की ज्यांची पावलं आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात, त्यांना हा गडी फार परका वाटू नये.

साठच्या दशकात याकुझापट हा जपानी थिएटरांचा रतीब होता. याकुझा म्हणजे तिथल्या संघटित गुन्हेगारी टोळ्या. टोळीशी इमान, मग दगा, मग सूड, एवढ्या तीन खांबांवर शेकडो सिनेमे उभे राहिले. एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायची पद्धत होती. पहिला मोठ्या नटांचा, दुसरा भरतीचा. सुझुकी हे या भरतीच्या सिनेमांचे उस्ताद. निक्कात्सुसाठी त्यांनी 1956 ते 1967 या काळात 40 सिनेमे काढले. शूटिंगला साधारण 25 दिवस, पुढच्या कापाकापीला तीन. कथा स्टुडिओ देणार, नट स्टुडिओ देणार, तारीखही स्टुडिओच ठरवणार. दिग्दर्शकाच्या हातात उरल्या फक्त खोड्या. माझं मत विचाराल तर या स्वस्तातल्या सूडपटांमध्ये आज बघण्यासारखं जे काही आहे, ते नव्वद टक्के या खोड्यांमध्येच आहे.

नळातून गोळी

'ब्रँडेड टू किल'मधल्या नायकाचं नाव हानादा. त्याला सुपाऱ्या मिळतात आणि प्रत्येक गेम करायची त्याची तऱ्हा आधीच्यापेक्षा विक्षिप्त. एकाला तो रस्त्याकाठच्या जाहिरातीआडून टिपतो. जाहिरात भल्यामोठ्या सिगारेट लायटरची, झाकण उघडमिट करणारी. झाकण उघडलं की गोळी, मिटलं की पुन्हा जाहिरात. दुसरा एक डोळ्यांचा डॉक्टर. तो वरच्या मजल्यावर बेसिनवर वाकलेला असताना हानादा खाली जाऊन सांडपाण्याचा पाइप खोलतो आणि पाइपातून वर गोळी झाडतो. तिसऱ्या कामानंतर पळून कसा जातो? जाहिरातीच्या फुग्याला लटकून.

आणि मग सगळं मुसळ केरात घालतं एक फुलपाखरू. ऐन नेम धरल्यावर ते बंदुकीवर येऊन बसतं. नेम चुकतो, भलतंच माणूस मरतं. या धंद्यात चुकीला माफी नाही, त्यामुळे आता हानादाचीच सुपारी निघते. त्याच्यामागे लागतो साक्षात नंबर एक. हा नंबर एक थेट गोळी घालत नाही. आधी हानादाच्या घरी राहायलाच येतो. दोघं एकमेकांच्या हातात हात अडकवून हिंडतात, जेवतात, शौचालयातही जोडीने जातात, कारण कुणाचाच कुणावर भरवसा नाही. हे नंबर एक महाशय तर डोळे उघडे ठेवून झोपतात आणि पहारा सुटू नये म्हणून लघवी बुटातच सोडतात. याला थरारपट म्हणायचं की फार्स? सुझुकींना दोन्ही चालायचं.

सिनेमा हातावेगळा झाला 14 जून 1967 ला. प्रदर्शन 15 जूनला. आपल्याकडे लग्नाचं जेवणसुद्धा यापेक्षा आधी तयार असतं.

पटकथेवर नाव झळकतं 'गुर्यू हाचिरो'. या नावाचा माणूस शोधू नका. सुझुकी आणि त्यांच्या मित्रमंडळींच्या आठ जणांच्या कंपूने घेतलेलं ते सामाईक टोपणनाव.

गालात सुपाऱ्या

हानादा झाला होता जो शिशिदो. त्याचे गाल बघा. दोन्हीकडे एकेक सुपारी धरून बसल्यासारखे. देणगी निसर्गाची नव्हे, डॉक्टरांची. शिशिदो मुळात चांगला देखणा, पण देखण्या नायकांची निक्कात्सुत रांग लागलेली. त्या रांगेत ओळखू कसं यायचं? म्हणून 1957 साली त्याने शस्त्रक्रिया करून गाल फुगवून घेतले. लोक चेहरा गोरागोमटा करायला डॉक्टरकडे जातात, हा बिघडवायला गेला. आणि जमलं. तो आधी खलनायक म्हणून गाजला, मग नायक झाला. 2020 च्या जानेवारीत वयाच्या 86 व्या वर्षी तो गेला, तेव्हाही आदरांजल्यांमध्ये त्याच्या गालांनी जागा अडवलीच.

आणि हानादाला नादाला लावणारी मिसाको? पावसात उघड्या मोटारीतून येणारी, घरभर मेलेली फुलपाखरं टाचून ठेवणारी, मरण्याची इच्छा उघड बोलून दाखवणारी ती बाई. ती भूमिका करणाऱ्या आन्नु मारीची आई जपानी आणि वडील भारतीय. जपानी गुंडपटांच्या इतिहासातल्या सर्वांत गूढ नायिकेत निम्मं रक्त आपल्या बाजूचं निघावं, ही माहिती पार्टीत फेकायला चांगली आहे.

सेक्रेटरीचा फोन

निक्कात्सुचे अध्यक्ष क्युसाकु होरी यांनी सिनेमा पाहिला आणि त्यांचं टाळकं फिरलं. 1968 च्या एप्रिलमध्ये सुझुकींना फोन आला. फोनवर अध्यक्ष नव्हते, सेक्रेटरी होता. या महिन्यापासून पगार बंद, एवढाच निरोप. कारण काय, तर हा माणूस न समजणारे सिनेमे काढतो आणि न समजणारे सिनेमे धंद्याला परवडत नाहीत.

त्याच सुमाराला टोकियोतल्या एका सिनेक्लबने सुझुकींच्या 37 सिनेमांचा महोत्सव ठरवला होता. होरींनी प्रिंटच देणार नाही म्हणून सांगितलं. 1968 म्हणजे जगभर विद्यार्थी रस्त्यावर उतरण्याचं वर्ष. टोकियोतही पोरं तापलेलीच होती; ती आता सुझुकींसाठी फलक घेऊन उतरली. भरतीच्या सिनेमांचा दिग्दर्शक एका रात्रीत चळवळीचा हिरो झाला. सुझुकींनी कोर्टात दावा ठोकला. तीन वर्षांहून अधिक काळ तो चालला आणि 1971 च्या 24 डिसेंबरला तडजोड झाली. 10 लाख येन आणि होरींची माफी.

कागदावर जिंकले, पण बाकीच्या स्टुडिओंनी मिळून त्यांना वाळीत टाकलं. पुढचा सिनेमा काढायला 1977 उजाडलं. इकडे निक्कात्सुची अवस्था काय? 1971 च्या नोव्हेंबरपासून हा स्टुडिओ तगून राहण्यासाठी प्रौढांच्या शृंगारपटांकडे वळला होता. ते मात्र सगळ्यांना समजत होते.

सुझुकींनी सूड कसा उगवला, तोही मजेशीर आहे. 1980 साली 'झिगॉयनरवायझन' काढला. थिएटरवाले दारात उभे करीनात, तेव्हा निर्माते गेंजिरो आरातो यांनी हवा भरून फुगवायचा तंबू बनवून घेतला आणि त्यात खेळ लावले. जपानी अकादमीने त्याला वर्षातला सर्वोत्तम सिनेमा ठरवलं.

पाइपातली ती गोळीही वाया गेली नाही. जिम जार्मुश या अमेरिकी दिग्दर्शकाने 1999 च्या 'घोस्ट डॉग'मध्ये बेसिनवरचा तो खून जसाच्या तसा उचलला, आणि उघडपणे, सलाम म्हणून. फुलपाखराच्या जागी तिथे पक्षी येऊन बसतो.

बजेट कापा, अजून चेकाळतो

होरींचा संताप अचानक उसळलेला नव्हता. स्टुडिओ आधीपासून सुझुकींना वठणीवर आणायला बघत होता आणि त्याचं हत्यार होतं पैशाला कात्री. 'टोकियो ड्रिफ्टर' (1966) हे त्याचं फळ. टोळी सोडून सरळ मार्गाला लागू बघणारा तेत्सु, त्याला विकून टाकणारा त्याचा म्होरक्या, मग हिशेब चुकता. कथा इतकी ओळखीची की सुझुकींनी तिच्याकडे फारसं लक्षच दिलं नाही. पैसे नाहीत ना? मग सेटवर सामानच नको. रिकाम्या भिंती, त्यांच्यावर पिवळा, पांढरा, लाल असा एकेक सपाट रंग. कलादिग्दर्शक ताकेओ किमुरा यांची ही करामत. त्यात फिक्या निळ्या सुटातला नवखा तेत्सुया वातारी स्वतःच सिनेमाचं शीर्षकगीत गुणगुणत फिरतो. लपून बसलेला माणूस गाणं म्हणत फिरतो, हे कुणाला खटकत नाही.

'ला ला लँड'चा दिग्दर्शक डेमियन शझेल याने आपल्यावरच्या प्रभावांमध्ये याच सिनेमाचं नाव घेतलं आहे. हॉलिवूडच्या गोडगुलाबी संगीतिकेच्या रंगांमागे एक कंगाल याकुझापट उभा आहे!

सूडाची गोष्ट सरळ सांगितलेली हवी असेल तर मागे जाऊन 'यूथ ऑफ द बीस्ट' (1963) बघा. पोलिसातून बाहेर पडलेला एक जण मित्राच्या मृत्यूचा छडा लावायला दोन टोळ्यांमध्ये शिरतो आणि दोघांना झुंजवतो. सुरुवात काळीपांढरी, आणि त्या काळ्यापांढऱ्या चौकटीत फक्त फुलं लालभडक. त्याहून बहार म्हणजे एका टोळीचा अड्डा. तो आहे थिएटरच्या पडद्याच्या मागे. पुढे गुंड एकमेकांना दम देत आहेत आणि मागे पडद्यावर उलट बाजूने दुसराच सिनेमा चालू आहे. वेगळी रोषणाई नको, वेगळी सजावट नको. गरिबीतला थाट याला म्हणतात.

भाईच हिरो

निक्कात्सुने नट भाई म्हणून उभे केले. शोचिकु स्टुडिओने भाईलाच नट केलं. नोबोरु आंदो हा टोकियोच्या शिबुया भागातला खराखुरा टोळीप्रमुख, गालावर वस्तऱ्याचा लांब व्रण. 1958 साली हिदेकी योकोई या उद्योगपतीवर त्याच्या माणसाने ऑफिसात घुसून गोळी झाडली. योकोई वाचला, आंदो तुरुंगात गेला. 1964 साली सुटल्यावर त्याने टोळी बरखास्त केली आणि 1965 साली थेट कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. भूमिका? स्वतःचीच. मेकअपवाल्याचं व्रण रंगवायचं काम वाचलं. पुढे तो कितीतरी सिनेमांत चमकला आणि 2015 साली 89 व्या वर्षी गेला.

तोएई स्टुडिओने 1965 सालीच 'अबाशिरी प्रिझन' काढला तोही भरतीचा सिनेमा म्हणून, काळ्यापांढऱ्यात. होक्काइदोचा बर्फ, बेड्यांसकट पळालेले कैदी आणि केन ताकाकुरा. तो असा काही चालला की 1972 पर्यंत मालिकेत 18 सिनेमे झाले. अबाशिरीला जुन्या तुरुंगाचं आज संग्रहालय आहे आणि लोक तिकीट काढून आत जातात.

करंगळी कुठे गेली?

1973 च्या जानेवारीत तोएईने किंजी फुकासाकु यांचा 'बॅटल्स विदाउट ऑनर अँड ह्युमॅनिटी' आणला आणि शूर, दिलदार, शब्दाला जागणारा याकुझा एका फटक्यात इतिहासजमा केला. मूळ मजकूर हिरोशिमाच्या टोळीयुद्धात सामील असलेल्या कोझो मिनो याने तुरुंगात लिहिलेल्या आठवणींचा. पत्रकार कोइची इइबोशी यांनी त्यावरून साप्ताहिकात लेखमाला लिहिली होती. पडद्यावर पहिलं चित्र अणुबॉम्बच्या ढगाचं. मग हिरोशिमाजवळच्या कुरे गावातला युद्धानंतरचा काळा बाजार, खांद्यावरचा हलता कॅमेरा, आणि कुणी मेला की चित्र गोठवून त्यावर नाव-तारीख.

यातलं एक दृश्य जवळून बघण्यासारखं आहे. याकुझा रिवाजाप्रमाणे चुकीबद्दल करंगळीचं पेर कापून म्होरक्याला द्यायचं असतं. बुंता सुगावाराचा हिरोनो त्याला तयार होतो. पंचाईत अशी की कापायचं कसं, हे जमलेल्यांपैकी कुणालाच धड ठाऊक नाही. शेवटी सुरा दाबला जातो, पेर उडतं आणि कुठेतरी गायब होतं. आता हे सगळे टोळीवाले अंगणात वाकून वाकून बोट शोधतायत! सापडतं ते खुराड्यात, कोंबड्या टोचा मारत असताना. याकुझांच्या इभ्रतीचे इतके वाभाडे दुसऱ्या कुठल्या दृश्याने काढलेले मला आठवत नाहीत. या सिनेमाची मालिका झाली आणि तिचे पाच भाग दीड वर्षात आले. हे पाच सिनेमे तेवढ्या वेळात कसे उरकले असतील, याचा विचार करूनच धाप लागते.

अशी चेष्टा मात्र नेहमीच पचते असं नाही. 1992 साली जूझो इतामी यांनी 'मिंबो' हा विनोदी सिनेमा काढला. खंडणीखोर याकुझांना घाबरायचं नाही, कायद्याने त्यांची कशी जिरवायची, हे त्यात एक वकीलबाई हॉटेलवाल्यांना शिकवते. ती भूमिका त्यांच्या पत्नी नोबुको मियामोतो यांची. सिनेमा 16 मे रोजी लागला. 22 मे रोजी टोळीच्या माणसांनी इतामींना घराजवळ गाठून त्यांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर चाकू चालवला. पडद्यावरचा गुंड गोळ्या खाऊनही उठून कपडे झटकतो; इतामींना मात्र तो व्रण घेऊनच जगावं लागलं.

फॉरवर्ड करू नका

1989 च्या मार्चमध्ये तोएईने थिएटरचा खर्चच वाचवला. सिनेमा थेट व्हिडिओ कॅसेटवर, नाव 'व्ही-सिनेमा'. पहिलाच 'क्राइम हंटर'. साथीदाराच्या खुनाचा बदला घ्यायला निघालेला पोलिस, बंदुका आणि एक जोगीण. लांबी जेमतेम तासाभराची. हेतू असा की घरी बसून बघणाऱ्याने रिमोटवरचं फॉरवर्डचं बटण दाबूच नये. व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणून गाणी पळवत सिनेमे बघितलेल्या आपल्या पिढीला यातलं शहाणपण वेगळं समजावून सांगायला नको.

या कॅसेटच्या गिरणीतून दिग्दर्शक ताकाशी मीइके निघाला. 2001 या एका वर्षात अर्ध्या डझनाहून जास्त सिनेमे देणारा माणूस. त्याच्या 'डेड ऑर अलाइव्ह'मध्ये (1999) व्ही-सिनेमाचे दोन राजे, रिकी ताकेउची आणि शो आइकावा, गुंड आणि पोलिस म्हणून आमनेसामने येतात. सिनेमाभर बऱ्यापैकी वास्तव. शेवटी दोघं मोकळ्या रानात उभे. पोलिस पाठीमागून चक्क तोफनळा काढतो. गुंड छातीतून चमचमता गोळा उपसतो. तो फेकल्यावर काय होतं ते सांगत नाही, एवढंच सांगतो की तिथे जपानचा नकाशा कामी येतो.

ताकेशी कितानो दिग्दर्शक झाला तोही अपघातानेच. हा मुळात टीव्हीवरचा विनोदवीर. 1989 च्या 'व्हायोलंट कॉप'मध्ये तो नट आणि दिग्दर्शक फुकासाकु, असं ठरलं होतं. फुकासाकुंचं जमलं नाही, कितानोने खुर्ची घेतली. आठ वर्षांनी 'हाना-बी'साठी व्हेनिसचा सुवर्णसिंह त्याच्या घरी होता.

खऱ्या याकुझांचे दिवस दरम्यान फिरले. पोलिसांच्या नोंदीत 1963 साली त्यांची संख्या 1 लाख 84 हजारांच्या घरात होती, 2023 अखेर ती सुमारे 20 हजारांवर आली. सर्वांत मोठ्या यामागुची-गुमी टोळीने 2013 साली सदस्यांसाठी अंतर्गत वार्तापत्र काढलं. त्यात म्होरक्यांचे उपदेश होते, मासेमारीच्या गप्पा होत्या आणि हायकूही होते.

विगचा बदला

आता लॉस एंजेलिस. 1991 सालचा 'सामुराई कॉप'. इराणहून अमेरिकेत आलेले आमिर शेरवान यांनी शहरातल्या जपानी टोळीवर काढलेला हा मारधाडपट. टोळीतला सर्वांत खतरनाक यामाशिता झाला आहे रॉबर्ट झेडार, भल्यामोठ्या जबड्याचा दाढीवाला अमेरिकी. जपानशी संबंध नावापुरता, तोही अक्षरशः नावापुरताच. दिव्यांना पैसे नव्हते म्हणून बहुतेक सगळी गुन्हेगारी लख्ख उन्हात चालते. समोरासमोर बोलणारे दोघं वेगवेगळ्या दिवशी शूट झालेले, त्यामुळे एक पूर्वेला बघतो, दुसरा भलतीकडेच.

नायक मॅट हॅननचे केस खांद्यापर्यंत. शूटिंग संपलं असं समजून त्याने काही महिन्यांनी ते कापून टाकले. तेवढ्यात शेरवानचा निरोप आला: अजून बरंच राहिलंय. कापलेले केस बघून दिग्दर्शक हवालदिल झाले आणि बायकांचा विग आणला गेला. तेव्हापासून हाणामारी सुरू होते खऱ्या केसांत, मधेच विग येतो, पुन्हा खरे केस. आता चाहते सिनेमा लावतात तेच विग ओळखायला.

या हॅननचं निधन झालं, असं चाहत्यांनी वर्षानुवर्षं धरून ठेवलं होतं. 2014 साली तो स्वतःच व्हिडिओतून प्रकटला: अहो, मी आहे. पुढच्या वर्षी 'सामुराई कॉप 2' आला, उपशीर्षक 'डेडली व्हेंजन्स', नायक पुन्हा हॅनन. पैशांची जुळवाजुळव करताना चाहत्यांकडून इंटरनेटवर वर्गणी गोळा केली होती, आणि विगाच्या वेडाने पछाडलेल्या मंडळींनी ती हसत हसत दिली.